आवाज निवडताना, आवाज भरताना

(सिंथेसायझर या वाद्यात अनेक आवाज साठवलेले असतात. ते कसे निवडावेत, नवे आवाज कसे भरावेत आणि भरताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही हार्मोनियम पाहिली असेल. भाता हलवून पट्टी दाबली की सूर उमटतो. पण हार्मोनियममधून बासरीचा किंवा घंटेचा आवाज काढता येत नाही. सिंथेसायझरचे तसे नाही. त्याच्या पट्ट्याही काळ्या-पांढऱ्या असतात. मात्र त्यांतून कोणता आवाज यावा, हे वाजवणारा ठरवतो. हा आवाज विजेच्या साहाय्याने तयार होतो.

जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ साली ‘डीएक्स-७’ नावाचा सिंथेसायझर बाजारात आणला. त्यात आवाज तयार करण्याची जी पद्धत वापरली आहे, ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधून काढली होती. या वाद्याला ६१ पट्ट्या आहेत. याचेच उदाहरण घेऊन आपण आवाज निवडायला शिकू.

डीएक्स-७ च्या स्मृतीत ३२ आवाज राहतात. प्रत्येक आवाजाला क्रमांक असतो आणि प्रत्येक क्रमांकाचे एक बटण असते. वाद्यासोबत मिळणाऱ्या एका संचात २४ क्रमांकावर बासरी, २६ वर घंटा आणि ३१ वर चक्क आगगाडी आहे! बटण दाबले की छोट्या पडद्यावर आवाजाचे नाव दिसते. मग पट्टी दाबा, तोच आवाज ऐकू येईल. निवडण्याने काहीही बिघडत नाही. कितीही बटणे दाबून पाहा, साठवलेले आवाज जागच्या जागी राहतात.

आणखी आवाज हवे असतील तर? त्यासाठी कार्ट्रिज नावाची लहान डबी मिळते. ती वाद्याच्या खाचेत बसवतात. वाद्यासोबत येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये ३२-३२ च्या दोन गटांत ६४ आवाज असतात. कार्ट्रिजचे बटण दाबून क्रमांक निवडला, की तिच्यातला आवाज वाजतो. परंतु कार्ट्रिज काढून घेतली, तर तो आवाज पुन्हा निवडता येत नाही. तो कायम वाद्यात राहावा असे वाटत असेल, तर वाद्याच्या स्मृतीत भरावा लागतो.

येथे मात्र सावध राहा. स्मृतीत जागा ३२ च आहेत. नवे ३२ आवाज भरले की जुने ३२ पुसले जातात. वर्गातल्या फळ्याचेही असेच असते. नवा धडा लिहायचा तर जुना पुसावा लागतो. म्हणून शहाणा विद्यार्थी जुना धडा आधी वहीत उतरवून घेतो. वादकानेही तसेच करावे. कोऱ्या कार्ट्रिजमध्ये जुने आवाज आधी साठवावेत, मगच नवे भरावेत. एकच आवाज हवा असेल, तर तेवढाच एका क्रमांकावर साठवता येतो. अशा वेळी त्या क्रमांकावरचा जुना आवाज तेवढा जातो.

चुकून असे घडू नये म्हणून वाद्यात स्मृतीला एक प्रकारचे कुलूप असते. ते उघडल्याशिवाय नवे आवाज भरता येत नाहीत. शिवाय भरण्यापूर्वी वाद्य पडद्यावर विचारते, ‘नक्की ना?’ हा इशारा वाचूनच ‘होय’चे बटण दाबावे. एखादा आवाज जमवण्यासाठी वादकाने कित्येक रात्री जागवलेल्या असतात. त्या मेहनतीवर पाणी पडायला एक बटण पुरते.

पूर्वी एकाच क्रमांकावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांत वेगवेगळे आवाज असत. म्हणून १९९१ साली १२८ आवाजांचा एक सर्वमान्य क्रम ठरवण्यात आला. त्यात १ क्रमांकावर पियानो आहे. १०५ वर आपली सतार आणि ११२ वर सनई आहे.

वाद्य कोणतेही असो, एवढे लक्षात ठेवा : निवडताना मोकळेपणाने निवडा, भरताना आधी जुने जपा.

शब्दार्थ
भाता – हवा भरण्याचे साधन; स्मृती – आठवण, येथे यंत्रात माहिती साठवण्याची जागा; खाच – वस्तू बसवण्यासाठी केलेली फट; मेहनतीवर पाणी पडणे – केलेले कष्ट वाया जाणे.

स्वाध्याय
१. आवाज निवडणे आणि आवाज भरणे यांत कोणता फरक आहे?
२. लेखकाने स्मृतीला फळ्याची उपमा का दिली आहे?
३. ‘मेहनतीवर पाणी पडणे’ हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.

भाषाभ्यास
उर्दूतील ‘सितार’ला मराठीत ‘सतार’ आणि ‘शहनाई’ला ‘सनई’ म्हणतात. ‘इशारा’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे. पण मराठीत त्याचा अर्थ बहुधा ‘धोक्याची सूचना’ असा होतो. दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द शोधा व त्यांचे अर्थ ताडून पाहा.