हिमयुग आणि सह्याद्री : एका पारिभाषिक शब्दाचे वाचन

प्रस्तावना



पारिभाषिक शब्द शास्त्रीय मजकुरात कोणते काम करतो आणि प्रसंगी वाचकाला कसा चकवतो, हे या घटकात आपण एकाच शब्दाच्या आधारे पाहणार आहोत. तो शब्द आहे ‘हिमयुग’. तो निवडण्यास एक निमित्त घडले. पुण्यातील एका संपर्कसत्रात मी ‘हिमयुगातील महाराष्ट्र’ या विषयावर परिच्छेद लिहावयास सांगितला होता. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने अतिशय नेटक्या मराठीत लिहिले की, त्या काळी सिंहगड बर्फाखाली होता आणि मुठेचे पाणी गोठलेले होते. भाषा निर्दोष होती. मी ‘उत्तम’ असा शेरा दिला. दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, मी वाक्ये तपासली होती, विधाने तपासली नव्हती. हा घटक म्हणजे काही अंशी त्या शेऱ्याची दुरुस्ती आहे.

शब्दाची घडण

‘हिमयुग’ हा इंग्रजीतील संज्ञेवरून घडविलेला सामासिक शब्द आहे. ‘हिमनदी’ हाही तसाच. पण तो अधिक भाग्यवान म्हणावा लागेल. ज्या फ्रेंच शब्दावरून इंग्रजीतील संज्ञा आली, त्याचा अर्थ नुसता ‘बर्फ’. मराठीने त्यात ‘नदी’ घातली आणि हा बर्फ स्वतःच्या भाराने उतारावरून सरकतो, ही मुख्य गोष्ट शब्दातच आली. ‘हिमयुग’ या शब्दाचे मात्र उलट झाले. ‘युग’ म्हटले की आपल्या मनात साऱ्या पृथ्वीला व्यापणारा काळ उभा राहतो आणि ‘हिम’ त्याला चिकटताच सर्वत्र बर्फ पसरते. प्रत्यक्षात शेवटच्या हिमयुगाच्या परमोच्च काळी, म्हणजे सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, बर्फाचे विशाल थर उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपावर होते. उष्ण कटिबंधात बर्फ होते ते केवळ अत्युच्च पर्वतांच्या माथ्यांवर.

हिमरेषेचे गणित

उष्ण कटिबंधात आजही हिमनद्या आहेत, हे अनेकांना नवल वाटते. आफ्रिकेतील ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो, केनिया पर्वत, रुवेन्झोरी, दक्षिण अमेरिकेतील अँडीज, न्यू गिनीतील शिखरे ही त्यांची ठिकाणे. त्या आता झपाट्याने आटत आहेत. किलिमांजारोवरील १९१२ सालच्या बर्फापैकी चार पंचमांशांहून अधिक नाहीसे झाले आहे. हिमयुगात मात्र त्या बऱ्याच खाली उतरल्या होत्या. हे कशावरून कळते? हिमनदी सरकताना दगडगोटे ढकलत नेते आणि जेथे थांबते तेथे त्यांचा बांधासारखा ढीग सोडते. त्याला ‘हिमोढ’ म्हणतात. असे ढीग आजच्या बर्फापासून कितीतरी खाली सापडतात. त्यांवरून अनुमान निघाले की, उष्ण कटिबंधातील हिमरेषा तेव्हा सुमारे ९०० ते १,००० मीटर खाली आली होती.

आता आकडेमोड करून पाहा. उंची एक किलोमीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. आज उष्ण कटिबंधात गोठणबिंदूची पातळी सुमारे ५,००० मीटरवर आहे. हिमयुगात ती ४,००० मीटरच्या आसपास आली, असे धरू. कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. सिंहगड साधारण १,३०० मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरही बर्फ टिकण्यास दोन हजारांहून अधिक मीटर कमी पडत होते. आजच्या तुलनेत तापमान वीस अंशांहून अधिक उतरले असते, तरच ते शक्य झाले असते. तसे घडल्याचा कोणताही पुरावा नाही.

येथे एक कोडे मात्र होते. १९७०च्या दशकात ‘क्लायमॅप’ या प्रकल्पातील संशोधकांनी सागरतळाच्या गाळातील सूक्ष्म कवचांवरून हिमयुगातील सागरपृष्ठाचे तापमान काढले. उष्ण कटिबंधातील समुद्र बहुतेक ठिकाणी दोन अंशांहूनही कमी थंडावल्याचे त्यांना दिसले. पर्वत तर पाचसहा अंशांची घट सांगत होते. दोन्ही साक्षीदार खरे कसे? पुढील मापनांनी समुद्राच्या थंडाव्याचा अंदाज वाढला. शिवाय हवेतील बाष्पाचा विचार झाला. दमट हवा वर चढताना बाष्पाचे पाणी होते, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि हवा सावकाश थंडावते. कोरडी हवा वेगाने थंडावते. हिमयुगातील हवा अधिक कोरडी होती, त्यामुळे पायथ्यापेक्षा माथा अधिक गारठला. अर्थात हिमरेषा म्हणजे निव्वळ तापमापक नव्हे. हिमवृष्टी किती होते, यावरही ती ठरते.

सह्याद्रीच्या वाट्याला काय आले?

‘कोरडी’ हा शब्द येथे अधोरेखित करा, कारण महाराष्ट्राच्या दृष्टीने हिमयुगाचा खरा अर्थ त्यात आहे. आशियाचा भूभाग व हिंदी महासागर थंडावले, बाष्प घटले आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस दुबळा झाला. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ हेच सांगतो. उत्तरेकडील हिमस्तरांत पाणी अडकल्याने सागराची पातळी सुमारे १२० मीटर उतरली होती. मुंबईसमोरचा किनारा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकला होता.

पुण्याच्या परिसराचा अभ्यास येथेच झाला आहे. विश्वास काळे आणि डेक्कन कॉलेजचे एस. एन. राजगुरू यांनी दख्खनच्या पठारावरील नद्यांचा इतिहास मांडणारा निबंध १९८७ साली प्रसिद्ध केला. हिमयुगाच्या उत्तरार्धात पाऊस उणावल्याने या नद्यांना गाळ वाहून नेण्याचे बळ उरले नाही. त्यांनी तो पात्रातच साचवला. पुढे पाऊस वाढला आणि नद्यांनी तोच गाळ कापून आपली पात्रे खोल केली. नदीकाठच्या गावचे असाल, तर चुनखडीचे खडे असलेल्या पिवळसर मातीच्या उभ्या दरडी तुम्ही पाहिल्या असतील.

आणखी एक पुरावा चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथला. एस. ए. साळी यांनी १९७२-७३मध्ये केलेल्या उत्खननात तेथे शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. एका तुकड्यावर माणसाने कोरलेली जाळीदार नक्षी आहे. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या गवताळ प्रदेशाचा पक्षी. बर्फाच्छादित सिंहगडाच्या चित्रात त्याला जागा नाही. कमी पावसाच्या माळरानात ती आहे.

स्वाध्याय

१. आपल्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधून, वरील गणिताच्या आधारे तेथे हिमयुगात बर्फ टिकले असते का, ते दहा ओळींत लिहा.

२. ‘हिमयुग’ या शब्दाऐवजी महाराष्ट्रापुरता दुसरा शब्द सुचवा आणि त्याचा विग्रह करा. तुमचा शब्द वाचकाला कोठे चकवू शकेल, तेही नमूद करा.