बरोबरच्या जागी उणे

आमच्या सोसायटीची वेबसाइट मी हौसेनं, फुकटात करून दिली. एक्स्प्रेस, आणि पानांसाठी ईजेएस. सूचनाफलक, मेंटेनन्सचा हिशेब, तक्रारवही.

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी काकांचा फोन. "अरे, मी चार ओळी लिहिल्या, तुझ्या साइटवर सगळं एका ओळीत सांडलंय." खरंच होतं, एचटीएमएल मजकुरातलं एंटर जुमानत नाही. मी प्रत्येक एंटरच्या जागी बीआर टॅग घातला, तर पानावर तो टॅगच जसाच्या तसा उमटला. ईजेएसमध्ये <%= लिहिलं की मजकूर एस्केप होतो, म्हणजे त्यातले कोनी कंस नुसती अक्षरं होऊन बसतात. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. हेडर-फूटर जोडताना इन्क्लूडसाठी <%- लिहितात, ते डोळ्यांना सवयीचं. बरोबरच्या चिन्हाचं उणे केलं, ओळी सुटल्या, झोपलो.

तीन आठवड्यांनी बी विंगमधल्या एका पोरानं तक्रारीत स्क्रिप्ट टॅग लिहिला. वही उघडणाऱ्या प्रत्येकासमोर खिडकी यायची: "लिफ्ट कधी दुरुस्त होणार?" लोक हसले. मला घाम फुटला. तोच कोड काकांच्या ब्राउझरमध्ये, त्यांच्या लॉगिननिशी चालत होता. पोरानं मनात आणलं असतं तर काकांच्या नावानं सूचनाही लागली असती. कुकी एचटीटीपी-ओन्ली असल्यानं ती चोरता येत नाही, पण असं काही थांबत नाही.

खरा उपाय सीएसएसच्या एका ओळीचा होता: व्हाइट-स्पेसला प्री-लाइन. टॅग घालायची गरजच नव्हती.

तेव्हा <%- फक्त स्वतःच्या फाइलींसाठी. पगमध्ये हाच फरक = आणि != यांत असतो, हँडलबार्समध्ये दोन आणि तीन महिरपी कंसांत. लोकांना ठळक-तिरपं लिहू द्यायचंच असेल, तर सॅनिटाइझ-एचटीएमएलसारख्या लायब्ररीतून ठरावीक टॅगच पुढे सोडा. लोकांनी दिलेल्या लिंकला मात्र एस्केप पुरत नाही. पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनंच सुरू होतो ना, ते तपासा.

आणखी एक आळस मी केला होता: शोधपानावर रिक्वेस्टची अख्खी क्वेरी उचलून रेंडरच्या हाती दिली होती. तिथे पानाची माहिती आणि इंजिनाच्या सेटिंग्ज एकाच पिशवीतून जातात. जुन्या ईजेएसमध्ये त्या वाटेनं बाहेरच्याला थेट सर्व्हरवर कोड चालवता यायचा. ते भोक २०२२ साली ३.१.७ आवृत्तीत बुजवलं. आवृत्ती नवी असली तरी हवी ती दोन-तीन मूल्यं नावानं वेगळी काढूनच द्या.

मग सगळ्या प्रोजेक्टमध्ये <%- शोधलं. अकरा ठिकाणी निघालं. नऊ इन्क्लूडची, दहावं तक्रारवहीचं. अकरावं सूचनाफलकावर. तिथे फक्त काकाच लिहितात, म्हणून क्षणभर थबकलो. मग काकांचा पासवर्ड आठवला, आणि तेही बदललं.