जिममध्ये न उतरणारी छाती

प्रश्न : माझा मुलगा 21 वर्षांचा आहे. दहावीत असल्यापासून त्याची छाती मुलींसारखी दिसते. वर्षभर जिममध्ये घाम गाळला, पोट आत गेलं, छाती मात्र जैसे थे. विहिरीवर पोहायला जाणं बंद झालंय. आता ऑपरेशनचा हट्ट धरून बसलाय. त्यात नक्की काय काढतात? आणि काढलेलं परत येतं का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुझी मेहनत कमी पडली नाही, हे आधी मुलाला सांगा. वजन उतरलं की चरबी उतरते, स्तनग्रंथी उतरत नाही. म्हणून आधी तपासायला हवं ते हेच, की छातीत चरबी आहे की ग्रंथी. रुग्णाला उताणं झोपवून डॉक्टर अंगठा आणि तर्जनी दोन बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत आणतात. नुसती चरबी असेल तर बोटं सहज जवळ येतात. ग्रंथी असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली कोटाच्या बटणासारखी चिवट चकती लागते.

वयात येताना ही चकती पुष्कळ मुलांना येते आणि दोन-तीन वर्षांत बहुधा आपोआप विरते. त्यामुळे चौदा-पंधराच्या मुलाला घाईने टेबलावर घेऊ नये, असं माझं मत. तुमच्या मुलाचा तो काळ उलटून गेलाय. जुनी ग्रंथी तंतुमय होते आणि मग गोळ्यांना फारशी दाद देत नाही.

तरीही शस्त्रक्रियेआधी कारण शोधायचं. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड यांसारखी औषधं, यकृत किंवा थायरॉइडचे विकार, दारू, यातलं काहीही मागे असू शकतं. अंडकोषांची तपासणी लाजेपोटी टाळली जाते. तिथली गाठही छाती वाढवू शकते, तेव्हा ती करायचीच. आणि जिममधल्या कुणी 'ताकदीचं', म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन दिलं होतं का, हे मुलाला एकट्याला विचारा. तुमच्यासमोर तो डॉक्टरांनाही सांगणार नाही.

हे ऑपरेशन नवं नाही. सातव्या शतकातल्या पॉलस ईजिनेटा या ग्रीक वैद्याने पुरुषाच्या स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन आतलं काढायची रीत लिहून ठेवली आहे. आज छेद बहुधा स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर घेतात. त्वचेचा रंग तिथेच बदलतो, त्यामुळे व्रण त्या रेषेत लपतो. आजूबाजूची चरबी बारीक नळीने ओढून घेतात. चिवट ग्रंथी मात्र बहुतेक वेळा कापूनच काढावी लागते. कसब पुढे आहे. स्तनाग्राखाली पातळ थर मुद्दाम राखावा लागतो, नाहीतर तिथे बशीसारखा खड्डा पडतो. कातडी फारच लोंबत असेल तर तीही कमी करावी लागते आणि व्रण वाढतात.

त्यानंतर काही आठवडे घट्ट जॅकेट घालायचं. रक्त साकळणं, पाणी साठणं, स्तनाग्र बधिर होणं, दोन्ही बाजू थोड्या वेगळ्या दिसणं, असे धोके असतात. काढलेला भाग परत उगवत नाही, पण राखलेला थर स्टेरॉइडने किंवा मूळ कारण तसंच राहिल्याने वाढू शकतो. वजन चढलं तर चरबीही परत येते.

गाठ एकाच बाजूला, कडक, स्तनाग्रापासून सरकलेली असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर आधी कर्करोगाची शंका फेडून घ्यायची. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, क्वचित का होईना.

खर्चाचं म्हणाल, तर विमा कंपन्या हे ऑपरेशन अनेकदा सौंदर्योपचारात ढकलतात. तारीख ठरवण्याआधी त्यांच्याकडून लेखी उत्तर मागवा.