संगणक पुन:पुन्हा सुरू होतो तेव्हा

संगणक हे आता केवळ कचेरीतील यंत्र राहिलेले नाही. ग्रामपंचायतींच्या दप्तराच्या संगणकीकरणासाठी राज्यात २०११ साली संग्राम प्रकल्प सुरू झाला. त्यापूर्वीच एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमाने खेडोपाडीच्या तरुण-तरुणींना कळफलकाची ओळख करून दिली होती. आज शिक्षकांच्या घरी प्रश्नपत्रिका, पंचायत सदस्यांच्या घरी ठरावांच्या प्रती आणि बचत गटाच्या सचिवांच्या घरी हिशेब याच यंत्रात साठविलेले आढळतात. यंत्र चालविण्याचे शिक्षण असे सर्वदूर पोहोचले. ते अडले असता काय करावे, याचे शिक्षण मात्र फारसे कोणास मिळालेले नाही.

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे-मिरज लोहमार्गावर स्थानक असलेले नगरपरिषदेचे गाव आहे. तेथील एका परिचित कुटुंबात मार्चअखेरीस घडलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. घरातील भगिनी एका बचत गटाचा हिशेब सांभाळतात. अकरा वर्षांच्या कर्जाच्या, परतफेडीच्या आणि बचतीच्या नोंदी त्यांच्या घरच्या संगणकात होत्या. वर्षअखेरचा ताळेबंद बँकेस द्यावयाचा होता. नेमक्या त्याच आठवड्यात यंत्राने हट्ट धरला. कळ दाबली की पंखा फिरे, विंडोजचे चिन्ह पडद्यावर येई, त्याखालील ठिपके दोन-तीन फेरे घेत आणि सांकेतिक शब्द विचारणारी चौकट उमटण्यापूर्वीच पडदा काळा होऊन सारे पहिल्यापासून सुरू होई. दुकानदाराने यंत्र पाहून निकाल दिला, “ताई, फॉरमॅट मारावा लागेल.” आतील हिशेबाचे काय, असे विचारता “तो जाणारच,” असे उत्तर मिळाले. ताईंनी यंत्र परत घरी आणले, हे त्यांचे शहाणपण म्हटले पाहिजे.

फॉरमॅट करणे म्हणजे तबकडीवरील जुनी मांडणी मोडून नवी घालणे होय. त्यानंतर विंडोज नव्याने बसविली की जुन्या नोंदींच्या जागी नव्या लिहिल्या जातात. बिघाड विजेचा असेल, तर इतके करूनही यंत्र पूर्ववत परत फिरत राहते आणि हिशेब मात्र हातचा जातो. यास्तव पहिला प्रश्न “काय दुरुस्त करावे” हा नसून “यंत्र कोणत्या पायरीवरून परत फिरते” हा आहे.

कळ दाबल्यापासून प्रवेशाच्या चौकटीपर्यंत संगणक ठराविक पायऱ्या चढतो. प्रथम वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, घरातील २३० व्होल्टच्या प्रवाहाचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करते आणि दाब स्थिर झाल्याचा संकेत मदरबोर्डला देते. हा संकेत क्षणभर जरी खंडित झाला, तरी यंत्र पहिल्या पायरीवर येते. संकेत मिळाल्यावर मदरबोर्डवरील एका चकतीत कायम कोरलेली मूळ आज्ञावली जागी होते. तिला बायोस म्हणण्याची प्रथा आहे. ती स्मृती, कळफलक आणि तबकडी यांची हजेरी घेते आणि मग तबकडीवरील विंडोजच्या हाती कारभार सोपविते. विंडोज आपला गाभा आणि निरनिराळ्या उपकरणांचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, स्मृतीत आणते आणि सर्वांत शेवटी प्रवेशाची चौकट दाखविते.

या रचनेतूनच एक बिनखर्चाची कसोटी मिळते. यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ वारंवार दाबावी. काही कंपन्यांच्या यंत्रांत एफ-१० किंवा एस्केप दाबावी लागते. बायोसचा पडदा उघडला, की कशालाही हात न लावता यंत्र अर्धा तास तसेच ठेवावे. या अवस्थेत विंडोजचा संबंध आलेला नसतो. तेथेही यंत्र आपोआप परत सुरू झाले, तर दोष वीज, उष्णता, स्मृती किंवा मदरबोर्ड यांपैकी कशात तरी आहे आणि फॉरमॅट करणे निरर्थक आहे. अर्धा तास ते स्थिर राहिले, तर संशयाची सुई तबकडी आणि तीवरील आज्ञावलीकडे वळते. कसोटी अचूक नाही; विंडोज सुरू होताना पडणारा भार बायोसमध्ये पडत नाही, त्यामुळे दुबळी वीजपेटी येथे निसटू शकते. तरीही दुकानात जाण्यापूर्वी एवढे ज्ञान हाती असणे मोलाचे आहे.

ग्रामीण भागात विजेचा विचार सर्वांआधी करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी दाब उतरतो, मध्येच जातो आणि येताना उसळतो. यासाठी घरोघरी लहान यूपीएस घेतलेले असतात. पण त्यातील १२ व्होल्टची बॅटरी साधारण तीन वर्षांत निकामी होते, हे पुष्कळांच्या गावी नसते. हिरवा दिवा लागतो म्हणून सारे ठीक आहे असा समज राहतो. बॅटरी मेलेला यूपीएस विजेच्या लहानशा झोक्यालाही यंत्राचा पुरवठा तोडतो. तपासणी सोपी आहे : संगणकाऐवजी एक टेबलदिवा यूपीएसला जोडून भिंतीवरचे बटण बंद करावे. दिवा तत्क्षणी विझला, तर बॅटरी गेली असे समजावे. यंत्र काही वेळ यूपीएसशिवाय, थेट भिंतीवरील चांगल्या जोडणीतून चालवून पाहणेही उपयुक्त ठरते. वीजपेटीचा संशय आल्यास दुसरी चांगली पेटी जोडून पाहावी. पेटी स्वत: उघडू नये, तिच्या आतील धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, वीज बंद केल्यावरही काही काळ तीनशे व्होल्टच्या वरचा दाब टिकून राहतो.

याच धारित्रांची एक जुनी कहाणी आहे. १९९९ ते २००७ या सुमारास जगभर विकल्या गेलेल्या अनेक मदरबोर्डवरील धारित्रे सदोष द्रावणामुळे अकाली फुगली. त्या काळातील यंत्र आजही एखाद्या शाळेच्या कपाटात असेल, तर झाकण उघडून पाहावे. धारित्राचा माथा सपाट न राहता फुगलेला असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव आला असेल, तर कारण समोरच आहे.

उष्णतेचा दोष ओळखण्याची खूण अशी, की सकाळी थंड यंत्र बरेच पुढे जाते आणि नंतर प्रत्येक वेळी अधिक लवकर परत फिरते. पंख्यात धूळ साचून बसलेली असते. वायर काढून, मऊ ब्रशने ती झाडावी. स्मृतीच्या पट्ट्या दोन असल्यास एकेक काढून पाहावे. पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसविण्याचा आपल्याकडील कारागिरांचा उपाय अनेकदा गुणकारी ठरतो. यंत्राची पुढील कळ आत अडकून राहिली नाही ना, हेही पाहण्यास विसरू नये. हसू येईल, पण हे घडते.

आता विंडोजच्या पायरीकडे वळू. गंभीर चूक आढळताच यंत्र आपोआप परत सुरू करावे, अशी योजना विंडोजमध्ये मुळातच असते. ज्या यंत्राजवळ कोणी बसलेले नसते, तेथे ती उपयोगी आहे. घरी मात्र तीच अडचणीची ठरते, कारण निळ्या पडद्यावर आलेला चुकीचा संकेत वाचण्याआधीच पुसला जातो. म्हणून आधी ही योजना थांबवावी. विंडोज ७ पर्यंतच्या आवृत्त्यांत सुरुवातीस एफ-८ दाबले की तशी यादी मिळे. विंडोज १० आणि ११ मध्ये चिन्ह दिसताच कळ दाबून धरून यंत्र बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीन वेळा केले की दुरुस्तीचा पडदा आपणहून येतो. तेथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन रिस्टार्ट निवडावे. पुढे येणाऱ्या यादीतील ९ हा आकडा आपोआप परत सुरू होणे थांबवितो आणि ४ हा आकडा सेफ मोड देतो. सेफ मोड म्हणजे अत्यावश्यक चालकांनिशी केलेली सुरुवात. तीत यंत्र नीट उघडले, तर नव्याने आलेला एखादा चालक किंवा अपडेट दोषी असण्याचा संभव फार. तो काढून टाकण्याची सोय त्याच पडद्यावर असते. निळ्या पडद्यावरील संकेत आला की भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र घ्यावे. दुकानदारास नुसते “चालत नाही” असे सांगण्यापेक्षा ते दाखविणे बरे.

मालकाची काहीही चूक नसताना आज्ञावलीमुळे यंत्र कसे अडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर पाठविली गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून प्रवेशाआधीच अडली होती. मुंबई, दिल्ली, हैदराबाद येथील विमानसेवा विस्कळीत झाली आणि काही प्रवाशांना विमानात चढण्याची पत्रे हाताने लिहून द्यावी लागली. ही आज्ञावली संस्थांच्या वापरातील असल्याने घरगुती यंत्रे प्राय: वाचली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की उपाय अगदी वर सांगितलेलाच होता : सेफ मोडमध्ये जाणे आणि ती एक फाइल काढून टाकणे. असंख्य यंत्रांपाशी माणसांना प्रत्यक्ष जाऊन हे करावे लागले. त्याहून जुने उदाहरण ऑगस्ट २००३ मधील ब्लास्टर या विषाणूचे; तो शिरलेली यंत्रे साठ सेकंदांची उलटी गणती दाखवून बंद होत आणि परत सुरू होत.

क्राउडस्ट्राइकच्या प्रसंगी अनेकांना आणखी एक अडसर आला. तबकडी बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास दुरुस्तीच्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. नव्या यंत्रांत हे कुलूप पुष्कळदा मालकाच्या नकळत लागलेले असते. किल्ली सहसा यंत्र ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडले आहे त्यात मिळते. ती यंत्र चालू असतानाच शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

रहिमतपूरच्या त्या घरी बायोसच्या पडद्यावर यंत्र अर्धा तास शांत राहिले. आपोआप सुरू होणे थांबविताच निळ्या पडद्यावर ‘अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम’ हे शब्द आले. याचा अर्थ तबकडीवरील मांडणीची सूची विंडोजला वाचता येईना. अशा वेळी दुरुस्तीची आज्ञा लगेच देण्याचा मोह होतो. तो टाळला. तबकडीच मरणाला टेकली असेल, तर दुरुस्तीच्या खटाटोपात ती कायमची जाऊ शकते. म्हणून नोंदी आधी, दुरुस्ती नंतर. यंत्र बंद करून, वायर काढून तबकडीचे दोन स्क्रू सोडविले आणि एका साध्या जोडणीने ती शेजारच्या शिक्षकांच्या संगणकाला बाहेरून लावली. त्या यंत्राने तबकडी तपासण्याची परवानगी मागितली, ती नाकारली. काही क्षण काहीच दिसेना. मग फोल्डरांची यादी उमटली. ताईंनी अकरा वर्षांच्या वह्यांची नावे एकेक करून वाचली आणि सर्व नोंदी पेनड्राइव्हवर उतरविण्यात आल्या.

त्यानंतरच तबकडी परत जागी बसवून दुरुस्तीच्या पडद्यावरील कमांड प्रॉम्प्टमधून चेकडिस्कची आज्ञा दिली. काम संपायला पाऊण तास लागला आणि प्रवेशाची चौकट आली. मूळ कारण टेबलाखाली होते. यूपीएसला दिवा जोडून बटण बंद करताच दिवा विझला. लिहिण्याचे काम अर्ध्यावर असताना पुरवठा वारंवार तुटल्याने तबकडीवरील सूची बिघडली असावी. नवी बॅटरी त्याच दिवशी आणली. तीवर बसविल्याची तारीख ताईंनी चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे आणि ताळेबंदाची एक प्रत आता दर महिन्याच्या सभेनंतर गटाच्या अध्यक्षांच्या घरी पेनड्राइव्हवर जाते.