बेकारी व अर्धबेकारी : दोष कोणाचा?

फाल्गुन-चैत्रांत पारावर बसलेलीं धडधाकट माणसें पाहून, “हे लोक आळशी आहेत,” असें आपण सहज म्हणतों. परंतु निवाडा देण्यापूर्वीं थोडा विचार करूं या. हींच माणसें मृगाचा पाऊस पडतांच पहांटेपासून दिवेलागणीपर्यंत शेतांत राबतात. आळस ऋतूप्रमाणें येत-जात नसतो. काम मात्र येतें आणि जातें. मग तें जातें कां?

पहिलें कारण पाण्याचा अभाव. महाराष्ट्रांतील बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. जिराईत रानांत पेरणी, खुरपणी व कापणी झाली कीं काम संपलें. म्हणूनच बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दरवर्षीं कोयता घेऊन ऊसतोडीस परमुलखीं जातात. आळशी मनुष्य घरदार सोडून असें जाईल काय?

दुसरें कारण जमिनीचे तुकडे. महाराष्ट्रांत एका खातेदाराकडे १९७०-७१ सालीं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टर राहिली. तीन माणसांच्या कामावर घरचीं पांच माणसें राबतात. दोघें दूर गेलीं तरी धान्य एक पायलीही घटत नाहीं. ही छुपी बेकारी होय. सर्वांचे हात हलत असतात, म्हणून ती डोळ्यांस दिसत नाहीं. ज्यास जमीनच नाहीं त्या मजुराची दशा तर याहून कठीण.

तिसरें कारण, जुने धंदे बुडाले व नवे पुरेसे निघाले नाहींत. कारखान्याच्या मालापुढें कोष्टी, कुंभार व चांभार यांचें कसब टिकेना. शहराचा आधारही डळमळला. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढें अनेक गिरण्या बंद पडल्या, आणि कोंकणांतील व घाटावरील कित्येक घरीं येणारी मनिऑर्डर थांबली. शिकलेल्या मुलांसही, हातीं कसब नसल्यामुळें, नोकरीची वाट पाहत बसावें लागतें.

उपाय मुळींच नाहीं असें नव्हे. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेप्रमाणें १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत, मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमी योजना पुढें आली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. २००५ सालीं अवघ्या देशासाठीं वर्षास १०० दिवसांच्या कामाचा कायदा करण्यांत आला. त्यांतील तत्त्व हें कीं, काम मागणें ही भीक नव्हे, तो हक्क आहे. शिवाय बांध, तळीं व विहिरी हीं कामें झालीं म्हणजे पाणी अडतें, आणि पहिल्या कारणावरच घाव बसतो. मात्र ज्यास हा हक्क ठाऊक नाहीं व अर्ज लिहितां येत नाहीं, त्याच्या दारीं कायदा आपण होऊन चालत येत नाहीं. येथें लिहितांवाचतां येणाऱ्यांचें कर्तव्य आहे.

विचारार्थ प्रश्न :
१. आपल्या गांवीं कोणत्या महिन्यांत काम नसतें?
२. घरच्या शेतीस खरोखर किती माणसें पुरतात?
३. आपण ज्यास आळशी म्हटलें, त्यास काम मागण्याचा अर्ज लिहून दिला काय?