उत्तर नको, कागद द्या

आमच्या गावच्या मैदानाचं सपाटीकरण कागदावर तीनदा झालं. एकदा ग्रामपंचायतीला आलेल्या वित्त आयोगाच्या पैशातून, एकदा ‘पंचवीस-पंधरा’तून आणि एकदा क्रीडा खात्याच्या अनुदानातून. माझ्या खो-खोच्या मुली मात्र त्याच खड्यांवर गुडघे फोडून घेत होत्या. मी शाळेत खेळाची शिक्षिका होते, निवृत्तीनंतरही संध्याकाळी सराव घेते. हिशेब हा काही माझा प्रांत नव्हे. पण तुमच्या गावात मैदान, व्यायामशाळा, खुला रंगमंच असलं काही मंजूर झालं असेल, तर मला जे दिसलं ते तुम्हालाही दिसणारच आहे. म्हणून लिहिते.

‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे 2515, ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष. गावातल्या मूलभूत सुविधांचा पैसा त्यातून येतो. त्याच जागेवर जिल्हा वार्षिक योजनेचा, आमदार निधीचा, खासदार निधीचाही पैसा पडू शकतो. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, फाइल वेगळी आणि कामाचं नावही वेगळं. आमच्याकडे एका फाइलीत ‘क्रीडांगण सपाटीकरण’ होतं, दुसरीत ‘मैदान सुशोभीकरण’, तिसरीत ‘शाळा परिसर विकास’. नाव घेऊन विचारलं की प्रत्येक कार्यालय खरं बोलून मोकळं: या नावाचं एकच काम झालंय, बाई. तेव्हा काम नावाने शोधू नका. सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या आणि ‘या गटावर गेल्या पाच वर्षांत झालेली सर्व कामे’ असं प्रत्येक कार्यालयाला वेगवेगळं विचारा. नावं बदलतात, गट नंबर बदलत नाही. आमची तिन्ही कामं एकाच जमिनीवर आहेत हे या एका आकड्यामुळे उघड झालं.

माझ्याआधी गावातल्या तरुण मंडळाने एक अर्ज केला होता. मैदानाचं काम का झालं नाही, जबाबदार कोण, त्यांच्यावर कारवाई का नाही, असे प्रश्न. उत्तर आलं, ‘अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.’ पोरं चिडली. पण उत्तर कायद्याला धरून होतं. माहिती अधिकारात कार्यालयाकडे असलेला कागद मिळतो. ‘का’चं उत्तर तयार करून देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. म्हणून प्रश्न विचारूच नका, कागद मागा. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, काम पूर्ण झाल्याचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र. एवढी नावं अर्जात लिहिली की पुरे. महाराष्ट्रात 2012 पासून अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो. ही अट पुष्कळांना जाचक वाटते. मला ती उपकारक वाटते, कारण भाषण करायला जागाच उरत नाही.

जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात अर्ज, 10 रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. कलम 6 मध्येच तसं लिहिलंय, तरीही प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येतो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे गर्दी फार असते. शक्यतो पहिल्या अपिलातच काम होईल इतका अर्ज नेमका ठेवा.

या सगळ्या कागदांत जीव कशात असेल तर मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात. एकूण खर्चाचा आकडा पाहून काहीच कळत नाही. पाच लाख खर्च झाले म्हटल्यावर आपण मान डोलावतो. एमबीत मात्र लांबी, रुंदी, जाडी लिहावी लागते आणि तिथे खोटं बोलणं अवघड जातं. समजा, 60 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद मैदानावर 15 सेंटिमीटर मुरमाचा थर टाकल्याचं लिहिलंय. गुणाकार करा, 360 घनमीटर होतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. म्हणजे जवळजवळ 127 ब्रास मुरूम. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. सव्वाशेहून जास्त खेपा गावातून गेल्या आणि चौकात बसणाऱ्या एकाही म्हाताऱ्याच्या नजरेस पडल्या नाहीत?

त्यातही एक बारकावा आहे, जो मला एका निवृत्त शाखा अभियंत्याने सांगितला. मुरूम हे गौण खनिज. त्याचं स्वामित्वधन सरकारला भरावं लागतं आणि रॉयल्टीच्या पावत्या बिलाला जोडाव्या लागतात, नाहीतर तेवढी रक्कम बिलातून कापतात. आम्ही पावत्या मागितल्या. एका कामाच्या फाइलीत पावत्याही नव्हत्या आणि कपातही नव्हती. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. इतके दिवस ‘बाई, तुम्ही मुलींचं बघा, कागदांचं आम्ही बघतो’ म्हणणारे भाऊसाहेब त्या दिवशी खुर्ची पुढे करून ‘बसा’ म्हणाले.

जागेवर जाऊन काम पाहण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही माहिती अधिकाराच्याच कायद्यात आहे. कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे, ती एकदा वाचा. शिवाय 2018 पासून राज्यात जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. हे फारसं कुणाला ठाऊक नाही. फाइल समोर आली की आधी पान क्रमांक बघा. मधलं एखादं पान गायब असेल तर तेवढंच नंतर अर्जाने मागवा.

मैदान निदान जागेवर असतं, उद्याही मोजता येतं. महोत्सवांचं तसं नाही. तालुक्याच्या एका युवा महोत्सवाला मुलींना घेऊन गेले होते. समूहगीत, लोकनृत्य, एकांकिका, सगळं छान पार पडलं. जाताना एका गृहस्थांनी मुलींपुढे हजेरीपत्रक धरलं. वरचा मजकूर कोरा, खाली फक्त सह्यांच्या रेघा. ‘लवकर करा गं, गाडी सुटेल.’ मी सह्या थांबवल्या. वर काय लिहिणार, असं विचारल्यावर ते पत्रकच परत घेतलं गेलं. मुलींनी त्या दिवशी घरून आणलेले डबे खाल्ले होते, आणि पुढे खर्चाच्या तपशिलात अल्पोपहार आणि भोजन दोन्ही होतं. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो, साउंडवाला निघून जातो, जेवण तर काय, झालं की झालं. अशा खर्चाचा पुरावा त्याच दिवशी जमवावा लागतो: किती संघ आले, कोणत्या शाळांचे, बक्षीस रोख मिळालं की नुसतं प्रमाणपत्र, जेवण मिळालं का. वहीत लिहून तारीख टाका. आणि कोऱ्या कागदावर मुलांना सही करू देऊ नका, मग समोर कितीही मोठे साहेब उभे असोत. नाट्यस्पर्धेला मुलं नेणाऱ्यांना हे विशेष सांगते, कारण प्रवासभत्त्याच्या सह्या नेहमी गाडी सुटायच्या घाईतच घेतात.

मोठ्या संस्थांत सगळं आपोआप तपासलं जात असेल, असा माझा समज होता. डिसेंबर 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाची बातमी आली. महिना 13 हजारांच्या कंत्राटी कर्मचाऱ्याने संकुलाच्या बँक खात्यातून 21 कोटी 59 लाख रुपये वळवल्याचा आरोप त्यात होता. जुन्या लेटरहेडचा वापर करून बँकेला पत्र गेलं, खात्याला जोडलेला ईमेल बदलला, नेट बँकिंग सुरू झालं आणि काही महिने पैसा जात राहिला, असं तपासात पुढे आलं. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. मला एकच विचारावंसं वाटतं: कार्यालयाची रोकडवही आणि बँकेचं विवरण दर महिन्याला कुणी ताडून पाहिलं असतं, तर हे इतकं लांबलं असतं का? तुमच्या गावच्या क्रीडा समितीचं खातं असेल तर ताळमेळ पत्रक मागा. एका पानाचा कागद असतो. तो तयारच केलेला नसेल, तर तेही एक उत्तरच झालं.

ग्रामसभेचं महत्त्व मला उशिरा पटलं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचा शेरा, त्यावरच्या उत्तरांसह, ठेवावा लागतो. आमच्याकडे हा विषय ‘वाचून कायम’ एवढ्यात उरकत. आम्ही मुलींच्या आयांना बसवलं. बाया आल्या की सभा तहकूब करणं सोपं नसतं, गणपूर्ती असते. शेरा मोठ्याने वाचायला लावला आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतला. ठराव लिहून झाल्यावर त्याची नक्कल तिथेच मागा, घरी जाऊन नाही. चार दिवसांनी मजकूर बदललेला आढळतो.

आता जपण्याबद्दल. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमीन व्यवहारांतले गैरप्रकार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. आपलं मैदान लहान, रक्कम लहान, असं म्हणून निर्धास्त राहू नये. एकट्याच्या नावाने सगळे अर्ज करू नका. आम्ही ते तिघी-चौघींत वाटून घेतले. आणि मिळालेला कागद घरात ठेवू नका. ज्या दिवशी येईल त्याच दिवशी त्याचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाका, शाळेच्या फळ्यावर लावा. कागद कपाटात असला की एक तर धमकी येते किंवा पाकीट, आणि गावात तुम्ही ‘माहिती अधिकारवाल्या’ म्हणून बदनाम होता ते वेगळंच. सगळ्यांनी वाचलेल्या कागदाचा सौदा कोणाला करता येत नाही.

आमच्या प्रकरणाचं काय झालं, हे सगळे विचारतात. एका कामाची रक्कम वसूल करायचा आदेश निघाला, पैसे पूर्ण आलेले नाहीत. दुसऱ्या कामाचा मुरूम एका पावसाळ्याआधी खरोखरच पडला, रोलर फिरला. तिसऱ्याची चौकशी चालू आहे. दरम्यान, मी अर्ज केला तेव्हा चौदा वर्षांखालच्या गटात खेळणाऱ्या मुली त्या गटाबाहेर गेल्या. दोघींची लग्नं ठरली. सरकारी चौकशीला मुलांचं वय कळत नाही. म्हणून काम चालू असतानाच मागे लागा, बिल निघायच्या आधी. पैसा दिल्यावर तो परत आणण्यात जेवढी वर्षं जातात, त्याच्या अंशभर वेळात बिल अडवता येतं.

आणि काम चांगलं झालं तरी फाइल मिटवू नका. करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत मोडतोड झाली तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. मुदत संपल्यावर हाच खर्च नव्याने ग्रामपंचायतीच्या माथी येतो, बहुतेकदा काम त्याच ठेकेदाराकडून करून घेतलं जातं. कराराच्या नकलेवरून ही मुदत कधी संपते ते शोधून काढा. आमच्या नव्या खो-खो मैदानाचा एक खांब हलतोय, मुदत मार्चअखेर संपतेय. पत्र लिहून तयार आहे. दोन प्रती केल्यात. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन परत आणायची. ‘ठेवून जा, मी साहेबांना देतो’ असं कुणी म्हणालं तरी ठेवून यायचं नाही.