गुलमोहर आणि परसातला वाल

ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, सातपूरवरून नाशकात येते आणि पुढे सिन्नरची वाट धरते. त्या वेळी वाटेवरचे गुलमोहर अजून फुललेले असतात. पायाखाली तांबड्या पाकळ्यांचा सडा असतो आणि टाळकरी त्यावरून चालत जातात. मग रात्री मुक्कामावर एखादे बुवा हटकून दृष्टांत देतात की, गुलमोहर म्हणजे नुसता भपका! फूल पाहावे तर डोळे दिपतात, फळ पाहावे तर लाकडाची पट्टी. त्यापेक्षा आमच्या परसातला वाल बरा. फूल नखाएवढे, पण शेंग घरादाराच्या पोटात जाते.

दृष्टांत सोपा आहे व श्रोत्यांना तो आवडतो. पण वाचकहो, ज्याचा दृष्टांत द्यावयाचा ती वस्तू एकदा तरी हातात घेऊन पाहावी, असे आम्हांस वाटते. म्हणून या अंकात या दोघांचा थोडा अभ्यास करू.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. वाल, वालपापडी, पावटा, आणि पुष्कळ गावी नुसता घेवडा, ही सारी मांडवावर चढणाऱ्या एकाच वेलाच्या वाणांची नावे. श्रावणघेवडा मात्र निराळा. तो मूळचा अमेरिकेकडला. वाल आपल्याकडे फार जुना आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जी धान्ये-कडधान्ये मिळाली त्यांत वालही होता. गुलमोहर याच्या उलट. त्याचे मूळ घर आफ्रिकेजवळचे मादागास्कर बेट. तो हिंदुस्थानात आला एकोणिसाव्या शतकात. म्हणजे निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, तुकोबा यांपैकी कोणीही हे झाड पाहिलेले नाही. नाशिकला मोगलाईत गुलशनाबाद म्हणत, म्हणून काहीजण त्या नावाचा संबंध गुलमोहराशी जोडतात. तोही खरा नव्हे, तेव्हा हे झाड इकडे नव्हतेच.

आता कोणी म्हणेल, “परका आहे ना, मग झालं तर!” पण माउली, एकादशीच्या ताटाकडे पाहा. बटाटा परका, भुईमूग परका, मिरची परकी, आणि साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंदही परकाच. हे सगळे दक्षिण व मध्य अमेरिकेतून आले आणि आपण त्यांना थेट उपासाला बसवले. तेव्हा परकेपणाचा दोष एकट्या गुलमोहराच्या माथी मारणे बरे नव्हे.

खरी मौज पुढे आहे. हे दोघे भाऊबंद आहेत! दोघेही शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या कुळातले. या कुळात सुमारे साडेएकोणीस हजार जाती आहेत, आणि सपुष्प वनस्पतींत जातींच्या संख्येने त्याचा तिसरा क्रमांक लागतो. तूर, हरभरा, मूग, बाभूळ, शिरीष, चिंच, पळस ही सगळी याच कुळातली मंडळी.

खात्री करावयाची असेल तर पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला याल तेव्हा गुलमोहराची एक वाळलेली शेंग बरोबर घ्या. ती हात-दीड हात लांब व काळपट असते. मुले तिची तलवार करून खेळतात. ती पाटावर ठेवा, शेजारी वालाची ताजी शेंग ठेवा आणि दोन्ही शिवणीवरून उकला. गुलमोहराच्या शेंगेला कोयता लागेल, वालाला नख पुरेल. दोन्हींच्या दोन फाकी होतात. वालाचे दाणे एकाच शिवणीला धरून असतात, एक दाणा या फाकीला, त्याच्या पुढचा त्या फाकीला. गुलमोहराचीही रीत तीच. फक्त प्रत्येक बी आपापल्या खोबणीत आडवे निजलेले असते. एवढे पाहिल्यावर नाते सांगावयास पंडित लागत नाही.

फुलावरून मात्र हे नाते सहसा कळत नाही, कारण फुलांची घडण निराळी आहे. वालाच्या फुलात वर एक ध्वजासारखी मोठी पाकळी, दोन बाजूंस दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्यांची मिळून झालेली होडी. त्या होडीत दहा केसर झाकलेले; त्यांतले नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. गुलमोहराचे फूल उघडे. पाच पाकळ्या देठावर सुट्या, दहाच्या दहा केसर मोकळे. पण त्याचीही एक पाकळी वेगळी असते, पांढरी-पिवळी आणि तांबड्या ठिपक्या-रेघांची. तीच त्याचा ध्वज. कळी उकलून पाहा: वालात ध्वज सर्वांच्या बाहेर असतो आणि बाकीच्यांना पोटाशी धरतो, तर गुलमोहरात तोच सर्वांच्या आत असतो. एवढ्या एका खुणेवरून जुन्या अभ्यासकांनी या कुळाच्या शाखा वेगळ्या केल्या. २०१७ साली नव्या संशोधनावरून कुळाची सहा उपकुळे ठरली, त्यांतही हे दोघे वेगवेगळ्या घरांतच राहिले. पळस, पांगारा आणि हदगा हे मात्र वालाच्या घरचे. हदग्याचे फूल म्हणजे मोठे केलेले वालाचे फूलच समजा.

आता ऋतूचे पाहू. आमच्या वाचकांना यात विशेष गोडी वाटेल. वाल आषाढात पेरला की पाऊसभर नुसता पानांनी वाढतो. मांडव हिरवा होतो, पण फूल नाही. घरधनीण म्हणते, “एवढा माजलाय, पण धरत का नाही?” तो धरत नाही कारण जुन्या वाणांना फुलावयास लांब रात्र लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास रात्र वाढली की तुरे येतात आणि शेंगांचा खरा बहर मार्गशीर्ष-पौषात येतो. चातुर्मासात वाल, घेवडा, पावटा, वांगी वर्ज्य करण्याची पुष्कळ घरांत चाल आहे. ती कोणत्या कारणाने पडली याच्या वादात आम्ही शिरत नाही. पण आषाढीपासून कार्तिकीपर्यंत हा वेल स्वतःही शेंग देत नाही, एवढे प्रत्यक्ष दिसते. (बाजारात हल्ली बारमाही धरणारे नवे वाण मिळतात. त्यांना हे लागू नाही.) गुलमोहराचे वेळापत्रक उलटे. थंडी सरता पाने गाळतो, उन्हाळ्यात फुलतो आणि फुलाबरोबर नवी पालवी धरतो. ऐन चैत्राच्या उन्हात, जेव्हा सावली हवी तेव्हा, तो बोडका. पालखी निघते तेव्हा मात्र छत्री उघडून उभा. त्याने वारकऱ्याला काहीच दिले नाही असे म्हणता येत नाही.

वालाचे देणे मोठे आहे यात शंका नाही. वाळलेल्या दाण्यात सुमारे चौथा हिस्सा प्रथिन असते. ज्याच्या गळ्यात माळ आहे, ज्याने मांस-मासळी सोडली, त्याच्या अंगातले बळ अशा दाण्यांवरच उभे राहते. शिवाय त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले सूक्ष्म जंतू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. ही गोष्ट १८८६ ते १८८८ च्या दरम्यान जर्मनीत हेलरीगेल व विलफार्ट यांनी सिद्ध केली. म्हणून वेल संपल्यावर मुळे उपटू नयेत. जमिनीतच कुजू द्यावीत. गुलमोहराच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत.

पण वाल अगदी निष्पाप आहे असेही समजू नका. वाळलेल्या दाण्यात विषारी अंश असतो. आपल्या आयाबाया वाल रात्रभर भिजवतात, मोड आणतात, साल काढून डाळिंब्या करतात, हे काही उगाच नव्हे. दिंडीच्या मोठ्या पातेल्यात घाईघाईने वाल टाकला, वरचा शिजला आणि मधला कच्चा राहिला, तर शंभर माणसांची पोटे बिघडतात. रात्रभर भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे, झाकण न ठेवता उकळी काढून तेही पाणी टाकावे, मग नव्या पाण्यात बोटाने चेपेल इतका शिजवावा. हिरव्या कोवळ्या शेंगांच्या भाजीला एवढा सायास नको.

गुलमोहराचा दोष दृष्टांतात सांगतात तो नव्हे, दुसराच आहे. त्याची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. वळवाच्या वाऱ्यात फांदी कडकन मोडते, कधी झाडच आडवे होते. दिंडीच्या विणेकऱ्यांना व चोपदारांना आमची विनंती आहे की, दुपारी विसाव्याला गुलमोहराखाली खुशाल बसा, पण आभाळ भरून आले असताना जुन्या झाडाखाली राहुट्या ठोकू नका.

पालखीच्या वाटेवर झाडे लावण्याचा उत्साह हल्ली पुष्कळ दिंड्यांत दिसतो. गुलमोहराचे रोप झटपट वाढते म्हणून ते पुढे केले जाते. आमचे मत असे की त्याऐवजी करंज लावावा. तोही याच कुळातला, फूल वालाच्या घडणीचे, मुळांवर नत्राच्या गाठी, मूळ खोल आणि सावली दाट. बीही साधे पेरले तरी उगवते. गुलमोहराच्या बीला आधी गरम पाण्यात भिजवावे लागते.

आणि वाल लावावयाचा तर आषाढीहून परतल्याबरोबर. परसात हातभर आळे करावे, पाटीभर शेणखत घालावे, चार बिया टोचाव्या, उगवल्यावर दोन जोमदार रोपे ठेवून बाकीची काढावी आणि वेल कमरेएवढा होण्याआधी मांडव उभा करावा. पौष वद्य द्वादशीला त्र्यंबकचे पारणे सोडावयास घरची पापडी मिळेल.